नटाशी जुळलेले मन आणि टिळकवाडीतले दुकान

प्रश्न (खानापूर): माझी धाकटी बहीण बेळगावच्या टिळकवाडीत शिवणकाम करते आणि मालिकांतल्या एका नटाशी तिचे मन जुळले आहे, मात्र तो आला की दारात गर्दी जमते आणि मापांची वही तशीच उघडी राहते. आम्ही होकार द्यावा का?

उत्तर (निपाणी): १९९९ मध्ये डॉ. श्रीराम नेने यांच्याशी लग्न झाल्यावर माधुरी दीक्षित अमेरिकेत राहिल्या आणि २०११ मध्ये सगळे कुटुंब मुंबईला आले, म्हणजे दोघांनीही आपापली जागा सोडली. तुमच्याकडे कोण हलणार, ते आधी विचारा.

उत्तर (बेळगाव): मला वहीचीच काळजी वाटते. त्यांनी रविवारी, दुकान बंद असताना यावे.

प्रश्नकर्ता: विचारले. रविवारी चित्रीकरण असते म्हणे.