बूस्टर ‘कुणालाही, कुठेही’ मिळतो म्हणे! मग माझ्या आईला नऊ दिवस का लागले?

म्हसरूळकर (धागा सुरू)

पंधरा दिवसांपूर्वी इथं ‘गोदाकाठचा’ यांनी चार ओळी टाकल्या होत्या. “पाऊस तोंडावर आलाय, सीझनल बूस्टर घ्या. कुणालाही मिळतो, कुठेही मिळतो, सरकारीत तर फुकट. लोकांना आळस, दुसरं काही नाही.” खाली अंगठ्यांची रांग. मीही एक दिला आणि मूर्खासारखं ते आईला वाचून दाखवलं. आता ऐका.

आई ७२ वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही. सोमवारी आधार कार्ड घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “कसला बूस्टर?” प्रश्न रास्त होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोरोनाचा म्हणाल तर तो ‘प्रिकॉशन डोस’, म्हणजे तिसरा. १० जानेवारी २०२२ ला आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि आजार असलेल्या साठीच्या वरच्यांना सुरू झाला, १० एप्रिलपासून १८ वरच्यांना खासगीत पैसे देऊन, आणि १५ जुलैपासून ७५ दिवस सगळ्यांना फुकट. ते ७५ दिवस कधीच संपले. चौथा डोस सरकारने सरसकट सांगितलेलाच नाही. म्हणजे उरली दरवर्षी घ्यायची ती फ्लूची लस, आणि ती लहान मुलांच्या सरकारी लसीकरणाच्या तक्त्यातही नाही. राज्याने २०१५ मध्ये गरोदर बायका आणि बीपी-शुगरवाल्यांना स्वाइन फ्लूची (तोही फ्लूचाच प्रकार) लस मोफत द्यायचं ठरवलं, त्यात आई बसते. पण खिडकीवर उत्तर मिळालं, “साठा आला की कळवू, नंबर लिहून जा.” लिहिला. वही तिथंच असेल अजून.

मग आमचे नेहमीचे डॉक्टर. “मी ठेवत नाही, खपत नाही, एक्स्पायर होते. तुम्ही आणा, मी टोचतो.” मेडिकलवाले तीन झाले, शेवटी गोळे कॉलनीत मिळाली. घरचा थर्मास, बर्फाच्या दोन पिशव्या, वर नॅपकिन, असं स्कूटरवरून आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी झाकण उघडलं, बोट लावलं आणि म्हणाले, “इंजेक्शन थेट बर्फाला टेकलंय, गोठलं असेल. मी नाही टोचणार.” लसीला २ ते ८ अंश लागतं, शून्याखाली गेली की वाया. १,८५० रुपये बर्फात.

अखेर नवव्या दिवशी मिळाली कुठे, तर लहान मुलांच्या दवाखान्यात! भिंतीवर उंची मोजायचा जिराफ, त्याच्या मानेखाली आई बसलेली, शेजारी तीन महिन्यांचं बाळ भोकाड पसरून. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “बाळाचं नाव? वजन?” आईने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाली, “चौसष्ट किलो.”

तर ‘गोदाकाठचा’ साहेब, कुठे मिळतो तुमचा ‘कुठेही’?

गोदाकाठचा

हेतू चांगला होता हो. एवढं अंगावर यायचं कारण नव्हतं. माझ्या मेहुण्याला सरकारीत फुकट मिळाली, म्हणून लिहिलं.

म्हसरूळकर

मेहुणे काय करतात?

गोदाकाठचा

आरोग्य खात्यात आहेत. पण मुद्दा तो नाही.

सातपूरचा

मुद्दा तोच आहे. आमच्या कंपनीत दरवर्षी मे महिन्यात कॅम्प लागतो. परमनंट लोकांना. त्याच लाइनवर, त्याच मशिनवर उभे राहणारे कंत्राटी पोरं कॅन्टीनमधून बघत बसतात. फ्लू काय गेटपास बघून येतो का?

प्रेस_निवृत्त

मी ३४ वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये काढली. देवीची लस लहानपणी टोचली, दंडावर वण अजून दाखवतो, जन्मभर पुरली. ही कसली लस जी दरवर्षी लागते? दोन माणसं, दोन-दोन हजार, दर साल. पेन्शनवाल्याला लुटायचे धंदे. शिवाय गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहाने घेतली, तर तिसऱ्या दिवशी ताप. लसीनेच फ्लू दिला. त्यापेक्षा सुंठ, गवती चहा आणि संध्याकाळी सातनंतर बाहेर न पडणे.

सिस्टरताई

काका, मी २२ वर्षं लस टोचतेय, म्हणून बोलते. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. एक-दोन दिवस अंग कसकसतं, हात दुखतो, बारीक ताप येतो, ते खरं. पण अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. मधल्या दिवसांत खरा फ्लू गाठू शकतो, नाहीतर साधी सर्दी, जिच्यावर ही लस चालतच नाही. तुम्ही घेतली कधी होती?

प्रेस_निवृत्त

ऑगस्टमध्ये. घरात सगळे खोकायला लागले तेव्हा.

सिस्टरताई

म्हणजे वरात गेल्यावर बॅण्ड बोलावलात. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं काढतो, एकदा जानेवारी ते मार्च आणि एकदा पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरकडे. म्हणून मे-जूनमध्ये घ्यायची.

म्हसरूळकर दादांनी अर्धंच सांगितलं, बाकीचं मी सांगते. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे कुणीही घेऊ शकतं. नऊ वर्षांच्या आतलं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. गरोदर बाईने तर घ्यावीच, जन्मलेल्या बाळाला पहिले सहा महिने ही लस देता येत नाही, आईकडून येईल तेवढंच त्याला. दमा, हृदय, किडनी, शुगरवाले, साठीच्या पुढचे आणि आम्ही दवाखान्यातले, हे आधी. अंगात चांगला ताप असेल तर उतरू द्या. मुलांचे डॉक्टर ठेवतात कारण त्यांच्याकडे रोज खप आहे आणि फ्रिज लसीचाच असतो, त्यात दही नसतं.

आणि कृपा करून ‘साठा नाही’ म्हटलं की आमच्यावर ओरडू नका. साठा आम्ही घरी नेत नाही. सकाळी दारात कुत्रा चावलेली दहा माणसं, त्यात कुणीतरी पोलिओच्या घरभेटीला बोलावतंय, त्यात ‘बूस्टर द्या’. कसला ते तरी सांगा! एक बाई तर न्यूमोनियाच्या लसीची चिठ्ठी आणून ‘हीच दरवर्षीची’ म्हणून भांडल्या. ती वेगळी, ती दरवर्षी नसते.

प्रेस_निवृत्त

बरं, वीज गेली तर? मेरी भागात परवा चार तास नव्हती. तुमच्या लसीचं काय होतं?

सिस्टरताई

आमच्या फ्रिजला आतून बर्फाचं अस्तर असतं, दार उघडलं नाही तर कितीतरी तास टिकतो. दार न उघडणं हीच आमची नोकरी.

निफाड_बागाईतदार

प्रेसकाका, तुमच्या ‘एकदाच पुरली’ला माझ्या द्राक्षबागेत घेऊन या. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरलं की पानावर डाग दिसायच्या आत फवारा मारावा लागतो. डावणीचा रोग घडात घुसला की ड्रमभर औषध ओतलं तरी घड परत येत नाही. गेल्या साली मारला होता म्हणून यंदा नको, असं कुणी म्हणतं का? लस म्हणजे पावसाआधीचा फवारा, विषय संपला.

पिंपळगावकर

विषय आत्ता सुरू झाला. तेच ते आंतरप्रवाही, झाडात भिनणारं औषध मारून मारून डावणी ऐकेनाशी कुणी केली? मेटॅलॅक्झिलचं काय झालं? तसाच दरवर्षी टोचून टोचून फ्लूही निर्ढावणार. तुम्हीच सिद्ध करून दिलंत.

निफाड_बागाईतदार

एकच एक मारलं तर होणारच. स्पर्शजन्य, पानावरच राहणारं, मारा ना मधून. मॅन्कोझेब आहे, बोर्डो आहे.

पिंपळगावकर

२०१९ ला कुठं गेलं होतं तुमचं बोर्डो? ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला, पाऊस उघडेना. ट्रॅक्टर बागेत शिरला की एक्सलपर्यंत रुततो. पाठीवरचा पंप घेऊन पोरगं गेलं तर फवारलेलं अर्ध्या तासात धुऊन निघालं. माझे दीड एकरातले घड कुजून खाली पडले, वास येत होता रस्त्यापर्यंत. आणि विमा? त्यांच्या हवामान केंद्रावर पाऊस कमी पडला म्हणे. माझ्या बागेत घोट्याच्या वर पाणी आणि कागदावर कोरडं.

निफाड_बागाईतदार

विम्याचं खरंय. पण आधी छाटायची घाई कुणी सांगितली होती? लवकर माल काढून बाजार मारायची हाव.

पिंपळगावकर

हाव? कुणाला म्हणता हो? कर्ज फेडायची तारीख लवकर येते म्हणून लवकर छाटतो. तुमच्यासारखी शेडनेटमध्ये बसून शेती नाही करत आम्ही. आणि गेल्या हंगामात नेलेले माझे साठ क्रेट आधी परत करा, मग फवारे शिकवा.

म्हसरूळकर

अहो, बूस्टरचा धागा आहे हा!

निफाड_बागाईतदार

साठ नव्हते, बावन्न होते.

सिस्टरताई

क्रेट बाजूला ठेवा. पिंपळगावकर दादा, डावणी तुमच्या औषधाला सरावते, फ्लूचं तसं नाही. तो लस घ्या न घ्या, आपल्या मनानेच रूप बदलत राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून लसीत कोणते विषाणू घालायचे ते ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. पावसाळ्याआधी घेणार असाल तर खोक्यावर दक्षिण गोलार्ध आणि चालू साल आहे का बघा. उरलेला जुना माल गळ्यात पडू शकतो. आणि चार विषाणूंवाली लस की तीनवाली यावर डोकं फोडू नका. चौथा जो होता, बी-यामागाटा, तो मार्च २०२० नंतर जगात दिसलेलाच नाही, म्हणून तीनचीच शिफारस आहे.

पिंपळगावकर

मग एवढं सगळं करून शंभर टक्के संरक्षण ना?

सिस्टरताई

नाही. विषाणू नीट जुळला त्या वर्षी ४० ते ६० टक्के.

प्रेस_निवृत्त

घ्या! रुपया घ्यायचा आणि आठ आणे परत. हेच मी म्हणत होतो.

सिडकोवाली

काका, आठ आण्यांचं मी सांगते. २०१५. माझे धाकटे दीर, ३८ वर्षांचे, रोज पहाटे पळायला जाणारे. ताप आला, ‘व्हायरल आहे’ म्हणून अँटिबायोटिक. दुसऱ्या दिवशी दुसरं अँटिबायोटिक. टॅमिफ्लू, फ्लूवरची गोळी, सुरू झाली पाचव्या दिवशी. ती पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी, हे आम्हाला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एका अनोळखी माणसाने सांगितलं. त्याची बायको आत होती. अकराव्या दिवशी दीर गेले. मुलगी तेव्हा पहिलीत होती.

लस घेतली असती तर वाचलेच असते असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण आठ आणे कुणी पुढे केले असते ना, तर मी हात जोडून घेतले असते. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातले सगळे घेतो. त्यासाठी भिशी लावलीय, वर्षभर.

पिंपळगावकर

ताई, माफ करा. मी डावणीवरून बोलत होतो.

गोदाकाठचा

मी माझी जुनी पोस्ट सुधारली. ‘कुणालाही, कुठेही’ काढलं. आता ‘चौकशी करून’ लिहिलंय. समाधान?

म्हसरूळकर

‘आळस’ शब्द अजून आहे तिथं.

गोदाकाठचा

काढतो. तुमच्या आईंना नमस्कार सांगा, आणि माझं नाव सांगू नका.

सातपूरचा

सिस्टर, फुकटचं नक्की कुठं विचारायचं ते सांगा. सिव्हिल, झाकीर हुसेन की बिटको? म्हसरूळवाल्याला बिटको म्हणजे शहराचं दुसरं टोक. रिक्षालाच लसीचे पैसे जातील.

सिस्टरताई

थेट उठून जाऊ नका. आधी आपल्या भागातल्या मनपाच्या आरोग्य केंद्रात विचारा, तिथल्या आशाताईंना माहीत असतं साठा आलाय का. शुगर-बीपीची फाईल, नाहीतर गरोदरपणाचं कार्ड बरोबर ठेवा. धडधाकट चाळिशीतल्या माणसाने फुकटाची वाट बघू नये, त्याच्यासाठी ती योजना नाही.

निफाड_बागाईतदार

मला एक सांगा. छाटणीला माझ्याकडे पेठ-सुरगाण्याची बारा माणसं येतात, एका पत्र्याच्या खोलीत झोपतात. एकाला खोकला झाला की आठवड्यात बाराही आडवे आणि छाटणी थांबते. बारा दुणे चोवीस हजार होतात. एका-दोन फवाऱ्यांचे पैसे समजून देईन. पण निफाडहून बारा जण कोणत्या जिराफाखाली बसवू?

सिस्टरताई

एकदम बारा असतील तर डॉक्टर मोजून मागवून ठेवतात, आधी फोन करा. छाटणीच्या दोन-तीन आठवडे आधी टोचा, आले त्या दिवशी नको. आणि थर्मास नको.

पिंपळगावकर

माझे आठ मिळवा त्यात, वीस होतील. क्रेटमधून वळते करून घ्या.

प्रेस_निवृत्त

मला अजून काही पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवा. फक्त सौ.ला दमा आहे, तिच्यासाठी विचारतो. म्हसरूळकर, तो जिराफवाला दवाखाना संध्याकाळी किती वाजता उघडतो?

म्हसरूळकर

सहाला. काकूंचं वजन पाठ करून जा.