आखाड्यावरच्या कोंबड्या नेमकं कोण नेतंय, कसं ओळखायचं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही आखाड्यावर म्हणजे शेतातल्या घरी राहतो, गंगाखेडच्या भागात, तीन बाजूनी रान आणि एका बाजूनी दुसऱ्याचा ऊस. कोंबड्या पंचविसेक आहेत, बहुतेक गावरान, चार-पाच गिरीराज जातीच्या. अंड्याचे पैसे माझ्या हातात येतात आणि पोरीच्या शाळेचं बरंचसं त्यातच भागतं म्हणून लई जीव लावून सांभाळते. सोयाबीन निघाल्यापासून मात्र त्रास सुरू झालाय. आधी पिलं कमी व्हायला लागली, तेही भर दिवसा, ना पीस दिसतंय ना रक्त, आणि आता परवा रात्री कायतरी खुराड्यात शिरलं आणि तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, मारल्या. एकच नेली, दोन तिथंच टाकून गेलं, मान फोडलेली बाकी अंगाला धक्का नाही.

खुराडं खाली विटाचं आहे, वर ती सहा कोनाची बारीक तारेची कोंबडी जाळी, वर पत्रा. दाराची कडी होती तशीच. मागच्या कोपऱ्यात जाळी फाकवलेली दिसली. सासरे म्हणायलेत मुंगूस, शेजारचे म्हणतेत बिबट्या, आणि दीर म्हणतेत की मेलेल्या कोंबडीला औषध लावून बांधावर ठेवू, काय असंल ते मरंल. मला विष नको वाटतंय, आखाड्यावर लेकरं आहेत, कुत्रं आहे. कुणाला अनुभव असंल तर सांगा, नेमकं कोण आहे हे कसं कळायचं आणि बंदोबस्त काय करायचा.

बालाघाटी
ताई, तुमच्याकडं एक चोर नाही, दोन आहेत असं धरून चला. दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. मुंगूस दिवसा फिरतं, अंधार पडला की बिळात जातं, त्यामुळं परवा रात्रीचं काम मुंगसाचं नाही. पिलं दिवसा गेली ती मुंगसानं नेली असतील नाहीतर घारीनं, शिक्रा पण नेतो, आणि अगदी बारकी पिलं असतील तर कावळा सुद्धा सोडत नाही. पीस आणि रक्त कायच नाही म्हणजे अख्खं उचललेलं आहे.

रात्रीचं म्हणाल तर मान फोडून दोन तशाच टाकणं हे मांजराच्या जातीचं किंवा उदमांजराचं लक्षण आहे. बंद जागेत कोंबड्या फडफडायला लागल्या की ते एकामागं एक धरत जातं, भूक एकीचीच असते. कुत्रं असतं तर पिसांचा सडा पडला असता आणि जाळी फाकवायच्या ऐवजी दारच मोडलं असतं. सापानं मारलं असतं तर जखम अशी दिसलीच नसती, साप अंडी नाहीतर पिलं अख्खी गिळतो, तलंग त्याच्याच्यानं गिळणं होत नाही. बिबट्याचं म्हणाल तर २०२० ला बीडच्या आष्टीकडं त्यानं माणसं मारली तेव्हापासून आपल्याकडं काय बी झालं की बिबट्याच डोळ्यापुढं येतो, आणि भीती खोटी नाही, पण आखाड्यावर कुत्रं मोकळं असताना बिबट्या आधी त्यालाच उचलंल, तारेत बोटं घालून जाळी फाकवत बसणार नाही.

आता खात्री कशी करायची ते बघा. चुलीतली राख चाळणीनं चाळून घ्या आणि दिवेलागणीला खुराड्याच्या चारी बाजूनी दोन हात रुंद पातळ थर पसरा, मागच्या कोपऱ्याला जरा जास्त. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी जाऊन बघा, नाहीतर त्याच सगळं तुडवून टाकतेत. गोल पाऊल, चार बोटं आणि नखाचा ठसा नाही म्हणजे मांजराची जात, नखं ती आत ओढून चालते. चार बोटं आणि पुढं नखाचे टिपके दिसले तर कुत्रं, कोल्हा नाहीतर खोकड. पाच बोटं उमटली तर उदमांजर. फाकलेल्या तारेला केस अडकलेत का ते पण बघा, तिथं हमखास सापडतेत. आणि ठसा दिसला की शेजारी काडेपेटी ठेवून मोबाईलवर फोटो काढा म्हणजे साइज कळंल, इथं टाका.

जिंतूरचा_शेतकरी
विष नको असंल तर जाळीला करंट सोडा की रात्रीचा. आमच्या शिवारात डुकरासाठी सोडतेत, परत कुणी फिरकत नाही.

वायरमन_दादा
जिंतूरकर भाऊ, असं सांगू नका हो कुणाला. मी लाईनचंच काम करतो. तारेला डायरेक्ट करंट सोडल्यानं माणसं मेलेली आहेत, बऱ्याचदा घरातलीच, रात्रपाळीच्या लाईटीला पाणी द्यायला उठलेला माणूस अंधारात ओल्या गवतातून चालत येतो आणि हात लागतो. हा गुन्हा आहे, दुसरं कुणी मेलं तर लावणारा जेलात जातो. ताईंच्या आखाड्यावर लेकरं आहेत, विषयच नाही.

झटका मशीन वेगळी, ती बॅटरीवर चालते, थांबून थांबून क्षणभर झटका देते, नीट बसवली तर जनावर मरत नाही. पण ती मोठ्या रानाला ठीक, चांगली अर्थिंग लागते, तारेखालचं गवत सतत काढावं लागतं. पंचवीस कोंबड्यांच्या खुराड्याला त्यापेक्षा चांगली जाळी स्वस्त पडंल.

आणि विषाचं दिरांना समजावून सांगा. विष खाऊन जनावर तिथंच मरत नाही, लांब जाऊन मरतं, त्याला कुत्री, घारी, कावळे खातेत, तेही मरतेत. उरलेली कोंबडी ओढ्यात गेली तर बैलं तेच पाणी पितेत. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतेत, मारलं तर केस होते. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे, खरंच बिबट्याचा माग दिसला तर तिथं फोन करा.

सेलूचे_अण्णा
बाळ, तू तुझ्या खुराड्याचं जे लिहिलंस त्यातच उत्तर आहे. ती सहा कोनी जाळी कोंबड्या आत ठेवायला असते, जनावर बाहेर ठेवायला नसते. तार नुसती पिळ घातलेली असते, एका ठिकाणी ओढली की सुटत जाते. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश माग, जोडाजोडाला वेल्डिंग असते, दातानं पंजानं फाकत नाही, मुंगसाचं पिलू सुद्धा आत शिरत नाही. पैसे कमी असतील तर खालचे अडीच-तीन फूट वेल्डमेश मार आणि वर जुनी जाळी दुहेरी कर, पण कोपरे आणि पत्र्याखालची फट सोडू नको. जाळी आणि पत्र्याच्या मधी जी चार बोटं जागा राहते ना तिथूनच उदमांजर येतं, ते पत्र्यावर आरामात चढतं.

जाळी नुसत्या खिळ्यानं मारायची नाही. लाकडाच्या पट्टीखाली दाबून स्क्रू मारायचा. खिळा पावसाळ्यात ढिला होतो.

आता खालचं. आपली काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळते, घूस आणि मुंगूस भेगेतूनच उकरत येतेत. खुराड्याच्या चारी बाजूनी बाहेरून दीड फूट रुंद शहाबादी फरशी टाक, तुकडे चालतेत, गावात कुणाच्या तरी घराचं काम चालू असतंच, तुकडे फुकटात मिळतेत. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरायला बसतं, तिथं दगड लागला की जागा बदलतं, दीड फूट मागं सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. फरशी नसंल तर वेल्डमेशचीच पट्टी वीतभर खाली पुरून बाहेरच्या अंगाला वाकवायची आणि वरून माती लोटायची.

दाराला कडी आहे म्हणालीस. नुसती कडी मांजर हलवून हलवून पाडतं, कोयंड्यात बारकं कुलूप नाहीतर स्प्रिंगचा हूक लाव. आणि बसायची दांडी जाळीपासून हातभर आत घे. दांडी जाळीला चिटकून असली की बाहेरून पंजा घालून शेपूट धरतेत, कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती जागची हलत सुद्धा नाही. अंधार पडायच्या आत कोंबड्या आपोआप आत येतेत, तेव्हाच दार लावायचं आणि रोज मोजायच्या. जेवणं झाल्यावर लावू म्हणलं की तेवढ्यात काम होतं.

मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकू नको, दोन-तीन फूट खड्डा करून वर चुना टाकून बुजव. वासानं सगळ्या शिवारातली कुत्री गोळा होतेत.

अंबाजोगाईची_मावशी
अण्णांनी खुराड्याचं सगळं सांगितलं, मी पिलांचं सांगते कारण नुकसान तिथंच जास्त होतं आणि माणसं तिकडं बघत नाहीत. खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसती, पिलं काढती आणि आपण दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडतो. निदान महिनाभर तरी पिलं उघड्या रानात सोडायची नाहीत. डालग्याखाली म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली आईसकट ठेवा, डालग्यावर दगड ठेवा, आणि दुपारी सोडायचीच असतील तर वर आडोसा पाहिजे. घारीला वरून झेप घ्यायला मोकळी जागा लागती.

आम्ही खुराड्यापुढं बांबूचा मांडव करून त्यावर दोडका आणि वाल चढवलाय. उन्हाळ्यात वेल वाळतात तेव्हा वर शेडनेट टाकतो, तीन बाजूनी बोराटीच्या काट्यांचं कुंपण. सावली होती, भाजी मिळती आणि घार आत उतरत नाही. लोक जुन्या सीड्या लटकवतात, त्याचा उपयोग थोडे दिवस, मग घारीला सवय होती. कोंबडा मात्र ठेवाच, शक्यतो गावरान, तो आभाळाकडं एक डोळा ठेवून असतो आणि त्याचा तो वेगळा लांब आवाज आला की पिलं क्षणात आईखाली जातात. आमचा कोंबडा मांडवाच्या बाहेर उभा राहतो, मान वाकडी करून वर बघतो, तेव्हा मी पण वर बघते.

सर्पमित्र_लातूर
एक गोष्ट कुणी बोललं नाही. अंडी काढताना अंधारात हात घालू नका. खुराड्यात उंदीर असतात म्हणून धामण येते, नाग येतो, आणि पिलाच्या वासानं पण येतो. आधी बॅटरी मारा, काठीनं कोंडा हलवा, मग हात. अंडी रोज संध्याकाळी काढून घ्या, दाणे रात्री सांडलेले ठेवू नका म्हणजे उंदीर कमी येतील. नायलॉनची मासे धरायची जाळी खुराड्याला गुंडाळू नका, त्यात साप अडकतो आणि सोडवायला गेलेला माणूस चावून घेतो. अडकलाच तर जवळच्या सर्पमित्राला बोलवा. आणि देव न करो पण चावलाच तर मांत्रिकाकडं, देवळात नेण्यात वेळ घालवू नका, ब्लेडनं कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, सरळ सरकारी दवाखाना, लस तिथं असते.

गोदाकाठची
सगळ्यांचे लई आभार. बालाघाटी दादा, राख टाकली होती. पहिल्या रात्री कायच नाही, नंतर एका सकाळी मागच्या कोपऱ्याला पावलंच पावलं. गोल आहेत, चार बोटं, नखं नाहीत, आणि आमच्या मांजरीच्या पावलापेक्षा मोठी. उसाच्या बाजूनी आलेली आणि तिकडंच गेलेली. तारेला केस पण होते, पिवळट राखाडी. सासऱ्यांना दाखवलं, ते म्हणाले रानमांजर. दिरांनीच बाजारातून वेल्डमेश आणली, आता विषाचं बोलत नाहीत. फरशीचे तुकडे पण मिळालेत, दोन बाजू झाल्या.

फक्त एक विचारायचंय, सगळीकडून एवढं बंद केलं तर एप्रिल-मेमधी आत गुदमरतील का? आमच्याकडं पत्रा लई तापतो.

बालाघाटी
रानमांजरच आहे मग. ऊस तोडणीला आला की ते जागा बदलंल, तोवर राखेवर लक्ष ठेवा. तोडणीच्या वेळी उसात पिलं सापडली तर टोळीवाल्यांना सांगून ठेवा की हात लावू नका, आई रात्री येऊन घेऊन जाते.

सेलूचे_अण्णा
गुदमरत नाहीत बाळ, वेल्डमेशमधून वारं खेळतं. विटाचं बांधकाम दोन फुटाच्या वर नेऊ नको, वर सगळी जाळीच ठेव. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या नाहीतर तुराट्या टाक आणि दुपारी पाणी मार. थंडीत गार वारं येतं त्या बाजूला पोतं सोडायचं, पण खाली वीतभर उघडं ठेवायचं, नाहीतर आतला वास कोंडतो आणि कोंबड्या शिंकायला लागतेत. राहिलेल्या दोन बाजूची फरशी या आठवड्यात उरकून घे.