मदत हवी आहे: गेमिंगसाठी पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेऊ की पीसी जुळवू?
ऐरोलीत वन बीएचके, टीव्ही एकच, आणि साडेसात ते दहा तो आईच्या मालिकांचा. बजेट ताणून ७० हजार.

डिस्कवाली पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडे ५४,९९० ला आली होती. आणली, जोडली, खेळलो, एवढंच काम. पण सोनीचे नवे गेम ४,९९९ च्या घरात, आणि एफसी (फुटबॉलचा गेम) मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर पीएस प्लसची वर्गणी वेगळी. डिस्क खेळून झाली की विकता येते, हा मात्र मोठा दिलासा.

पीसीसाठी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम सांगितली; ग्राफिक्स कार्डावर येताच दुकानदाराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला आणि मी चहा प्यायला बाहेर पडलो. जुना २४ इंची मॉनिटर आहे, पण ७५ हर्ट्झचा. बायकोचं टॅलीही पीसीवर होईल, म्हणून मन तिकडे झुकतंय (घरात मंजुरीही लवकर मिळेल!).

सेकंडहँड कार्ड घेतलेलं कुणी आहे का? क्रिप्टो मायनिंगला (बिटकॉइनसारखी नाणी मिळवायला) वापरलेलं कसं ओळखायचं? आणि पीएस५ मॉनिटरला जोडून खेळणाऱ्यांनो, आवाजाचं काय करता?