सलाह की रॉड्री? रविवार रात्र, सोसायटी ग्रुप

२५ मे २०२५

[रा. १०:३६] शलाका (ए-२०१): संपला प्रीमियर लीगचा सीझन! लिव्हरपूल १, क्रिस्टल पॅलेस १. गोल कोणाचा, सांगायची गरज नाही. २९ गोल, १८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास). पार्किंगमध्ये पेढे ठेवलेत, ज्याला हवे त्याने घ्या.

[रा. १०:३८] जोशी काकू (ए-१०४): अभिनंदन गं. कोणाचं लग्न ठरलं?

[रा. १०:३९] शलाका (ए-२०१): काकू, फुटबॉल. मोहम्मद सलाह.

[रा. १०:३९] जोशी काकू (ए-१०४): तो कुरळ्या केसांचा? छान आहे हो मुलगा.

[रा. १०:४३] अभिजित (बी-६०३): पेढे घेणार. पण संघाला सगळ्यात मोलाचा खेळाडू कोण असं विचाराल, तर सलाह नाही. मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर रॉड्री. विषय संपला.

[रा. १०:४४] शलाका (ए-२०१): रॉड्री? आख्खं वर्ष दवाखान्यात होता तो?

[रा. १०:४५] अभिजित (बी-६०३): तेच तर म्हणतोय. नव्हता म्हणूनच कळलं.

[रा. १०:४६] निनाद (डी-४०४): म्हणजे न खेळणारा सर्वोत्तम. आमच्या ऑफिसात पण अशीच प्रमोशन्स होतात.

[रा. १०:५२] अभिजित (बी-६०३): हसा. हिशेब ऐका. २०२३-२४ मध्ये सिटी लीगमध्ये तीनच सामने हरली. वुल्व्ह्ज, आर्सेनल, व्हिला. तिन्हींत रॉड्री निलंबित. तो मैदानात असताना सिटी ७४ सामने हरलीच नव्हती, ती मालिका थेट मे २०२४ मधल्या एफए कप फायनलला मँचेस्टर युनायटेडने तोडली. मग २२ सप्टेंबर २०२४ ला आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. २८ ऑक्टोबरला कुबड्या घेऊन पॅरिसमध्ये बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला. आणि ३० ऑक्टोबरपासून सिटीचं जे काही सुरू झालं ते आठवतंय ना? नाताळापर्यंत १२ सामन्यांत १ विजय, ९ पराभव. घरच्या मैदानावर टॉटेनहॅमकडून ०-४. फेयेनूर्डसमोर ३-० वर असताना ३-३. गार्डिओलासारख्या कोचची टीम आहे ही, आपली बी विंगची नाही.

[रा. १०:५३] देशपांडे काका (सेक्रेटरी): बी विंगचा उल्लेख टाळावा. तसेच पावसामुळे बेसमेंटमध्ये पाणी आले आहे. गाड्या वर घ्याव्यात.

[रा. १०:५८] शलाका (ए-२०१): अभिजित, तारखा तू दिल्यास, आता त्याच वापरते. गुडघा २२ सप्टेंबरला गेला. पहिला पराभव ३० ऑक्टोबरला. मधला सव्वा महिना? फुलहॅम, वुल्व्ह्ज, साउथॅम्प्टन, तिघांना हरवलं. युरोपात स्पार्टा प्रागला ५-०. रॉड्रीशिवाय! मग स्टोन्स, डियास, डी ब्रूयना हेही आत-बाहेर व्हायला लागले आणि इमारत बसली. चार खांब हलले आणि तू एकाच खांबाच्या नावाने श्राद्ध घालतोयस.

[रा. ११:०१] अभिजित (बी-६०३): बाकीचे जखमी झाले की त्यांच्या जागी कोणीतरी उभा राहत होता. मधल्या जागी कोणी राहिलाच नाही. कोव्हाचिच चांगला आहे, पण त्याला बॉल घेऊन पळायचं असतं. गुंडोगनचे पाय दमलेले. बॉल गेला की समोरचे सरळ सेंटरबॅकच्या अंगावर. शेवटी फेब्रुवारीत पोर्तोहून निको गोन्झालेझ आणला, ५ कोटी पौंडांच्या आसपास मोजून. कशासाठी? एका माणसाची जागा भरायला. आदल्या वर्षी ९१ गुण, यंदा ७१. आणि हालंड होता बरं, २२ गोल मारले त्याने.

[रा. ११:०३] कुणाल (सी-५०१): दोघंही चूक. मेस्सी.

[रा. ११:०३] निनाद (डी-४०४): झालं. आता कोणीतरी रोनाल्डो म्हणेल आणि सकाळ होईल.

[रा. ११:०४] देशपांडे काका (सेक्रेटरी): तसे कोणी म्हणू नये.

[रा. ११:१०] शलाका (ए-२०१): मी सीए आहे, मला नसलेल्या गोष्टीची किंमत लावायला सांगू नका. असलेलं मोजू. लिव्हरपूलचे लीगमध्ये ८६ गोल. त्यातल्या ४७ मध्ये सलाहचा थेट हात. निम्म्याहून जास्त. ३८ सामन्यांच्या सीझनमध्ये एवढं कोणीच केलं नव्हतं. अँडी कोल आणि शिअररचे ४७ होते, पण ते ४२ सामन्यांच्या जमान्यात. आणि मुख्य मुद्दा: हा ३८ पैकी ३८ सामने खेळला. बत्तीस वर्षांचा माणूस! तुझ्या हिशेबात तो गैरहजरच राहिला नाही म्हणून त्याची किंमत कमी? रोज वेळेवर येणाऱ्या बाईचं कौतुक नाही, आणि दांडी मारणारीची आठवण काढून रडतोय आपण.

[रा. ११:११] जोशी काकू (ए-१०४): हे अगदी खरं बोललीस.

[रा. ११:१२] अभिजित (बी-६०३): हा मुद्दा चांगला आहे. मान्य. अर्धा.

[रा. ११:१४] निनाद (डी-४०४): घरचं कोणी बोलणारच नाही का? छेत्री! २०१५ ला नेरूळला डी. वाय. पाटीलवर होतो मी, मुंबई सिटीकडून त्याने नॉर्थईस्टवर हॅट्ट्रिक मारली तेव्हा. आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) भारतीय खेळाडूची पहिली. गेल्या जूनमध्ये निवृत्त झाला आणि आपण गोल मारायचंच विसरलो. मार्चमध्ये चाळिशीच्या माणसाला परत बोलावलं, शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-०, त्याचा ९५ वा गोल. नोव्हेंबर २०२३ नंतरचा भारताचा पहिला विजय होता तो. यापेक्षा मोलाचा कोण?

[रा. ११:१७] शलाका (ए-२०१): निनाद, छेत्रीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण २०२४ मध्ये भारत ११ सामने खेळला, एकही जिंकला नाही. त्यातल्या पहिल्या सहांत छेत्री होताच की. आशिया कपला तीन सामन्यांत शून्य गोल. त्याला बॉल देणारंच कोणी नव्हतं.

[रा. ११:१८] निनाद (डी-४०४): हे लागलं. पण चूक म्हणता येत नाही.

[रा. ११:१९] अभिजित (बी-६०३): बॉल देणारं कोणी नव्हतं. धन्यवाद शलाका. माझं काम तूच केलंस.

[रा. ११:२०] शलाका (ए-२०१): डिलीट करू का?

[रा. ११:२०] निनाद (डी-४०४): स्क्रीनशॉट घेतलाय.

[रा. ११:२९] पाटील काका (सी-१०२): गाडी वर घेऊन आलो. सगळं वाचलं. आता माझं ऐका. आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेत जेवणं लवकर व्हायची. आमच्या गल्लीत एक सेंटर हाफ होता, रॉड्रीसारखा मधल्या जागी खेळणारा. दिवसभर गॅरेजात, संध्याकाळी मैदानावर, नखांत ग्रीस तसंच. गोल त्यानं मारलेला मला आठवत नाही. पण बॉल त्याच्याकडं निघाला की मान दोनदा फिरवायचा, आधी डावीकडं, मग उजवीकडं. बॉल पायात यायच्या आधीच त्याला ठाऊक असायचं कुणाला द्यायचा. लोक हार घालायचे फॉरवर्डला. ह्यो आपला चहाच्या गाड्यावर. परवा मंगळवारी बोर्नमाउथच्या मॅचला तो रॉड्री आठ महिन्यांनी शेवटी शेवटी आत आला, तेव्हा बघितलं. मान तशीच. दोनदा.

[रा. ११:३०] अभिजित (बी-६०३): काका, तुम्ही सिटी बघता?

[रा. ११:३४] पाटील काका (सी-१०२): मी सगळं बघतो, झोप कुठं येते. हे काय आजचं नाही. २००३ ला रिअल माद्रिदनं लीग जिंकली, आणि त्याच उन्हाळ्यात बेकहॅमला आणून मधली जागा सांभाळणाऱ्या मॅकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं. पुढची लीग त्यांना २००७ ला मिळाली. चेल्सीनं मधल्या काळात दोन नेल्या, त्यातल्या एका सीझनला ३८ मॅचमध्ये गोल खाल्ले फक्त १५. शर्ट बेकहॅमचे खपले, ते वेगळं.

[रा. ११:३५] शलाका (ए-२०१): काका, म्हणजे तुमचं मत रॉड्रीला?

[रा. ११:३८] पाटील काका (सी-१०२): नाही. यंदाचं सलाहला. पोरगा वर्षभर एक दिवस घरी बसला नाही, त्याला कसं नाही म्हणू? पण मला टीम बांधायला सांगितली तर पहिलं नाव रॉड्रीचं लिहीन. गोल मारणारा नंतर बघू. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकात कालवायलाय.

[रा. ११:३९] कुणाल (सी-५०१): आणि मेस्सी?

[रा. ११:३९] पाटील काका (सी-१०२): मेस्सीला पाया पडायचं. वाद नाही घालायचा.

[रा. ११:४१] देशपांडे काका (सेक्रेटरी): चर्चा उत्तम झाली. विषय निघालाच आहे तर शनिवारी टर्फवर ए-बी विरुद्ध सी-डी सामना आहे. ए-बीचे खेळाडू अपुरे आहेत. नाव आणि जागा लिहावी.

[रा. ११:४२] शलाका (ए-२०१): राइट विंग. अर्थात.

[रा. ११:४२] अभिजित (बी-६०३): फॉरवर्ड.

[रा. ११:४३] निनाद (डी-४०४): थांबा थांबा. कोण काय म्हणालं?

[रा. ११:४३] पाटील काका (सी-१०२): अभिजित, बाळा, मग मध्ये रॉड्री कोण?

[रा. ११:४४] हा मेसेज डिलीट केला आहे. (अभिजित, बी-६०३)

[रा. ११:४४] शलाका (ए-२०१): माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. फिट्टंफाट.

[रा. ११:४६] जोशी काकू (ए-१०४): आमचा ओंकार म्हणतोय, तो मध्ये उभा राहील. नववीत आहे, चालेल का? पळायला जरा कंटाळतो.

[रा. ११:४७] पाटील काका (सी-१०२): चालेल. उद्या संध्याकाळी खाली पाठवा, मान फिरवायला शिकवतो.

[रा. ११:५२] देशपांडे काका (सेक्रेटरी): बेसमेंटमधली निळी ॲक्टिव्हा कोणाची आहे? निम्मी बुडाली आहे.

[रा. ११:५२] अभिजित (बी-६०३): आलो आलो आलो