अनुभव धागा : आपल्या हातानं निभावलं ते

नागपूरकरांनो, उपदेश नको. कोणाच्या भरवशावर न राहता निभावलेलं एक काम लिहा, चुकलात तेही लिहा. मी कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या हंगामात पहाटे हिशेब लिहून बीकॉमची फी भरली. पण मला तुमचं वाचायचं आहे.

नंदनवनहून :
मिस्टरांना अर्धांगवायू झाला तेव्हा मार्च लागला होता. आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान. मार्च ते जून कमवायचं, त्यावर वर्ष काढायचं. कारागीर सोडून गेला. ह्यांचं बोलणं शाबूत होतं. ते खाटेवरून सांगत आणि मी मोटर भरत असे. जळालेली तार काढताना वेढे मोजायचे, गेज म्हणजे तारेची जाडी बघायची, खाचांत कागद घालायचा, मग नवी तांब्याची तार. पहिल्या मोटरीला चार दिवस लागले. लावली तर पंखा उलटा फिरला, हवा सगळी बाहेर! मला रडूच आलं. हे म्हणाले, "जळली तर नाही ना? स्टार्टिंगच्या वेढ्यांची दोन टोकं बदल." बदलली, आणि वाळ्याच्या ताटीचा वास खोलीभर पसरला. गिऱ्हाइकाकडून अर्धेच पैसे घेतले. ह्यांना पटलं नाही, पण माझ्या शिकण्याचा खर्च त्याच्या माथी कशाला? पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस भावांचे दोन कूलर घेऊन आला.

पाचपावलीहून :
आजी बिड्या वळायची. मजुरी हजारामागे, आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघाली ते मुनीम सांगेल तेच खरं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती आताच्या दीक्षाभूमीच्या मैदानावर होती, कडेवर माझे बाबा. घरी येऊन म्हणाली, आता अंगठा लावायचा नाही. थोरल्या आत्याच्या पाटीवर रात्री आकडे गिरवू लागली. पुढे छाट स्वतः मोजून वहीत लिहायची. मुनिमाशी भांडली नाही, नुसती वही उघडून समोर ठेवायची. ती वही घरी आहे. पानं तंबाखूनं पिवळी झालीत, आणि प्रत्येक ५ उलटा आहे.

मानेवाड्याहून :
नंदनवनच्या ताई, पावसाळ्यात काय करता जी? माझी बहीण काम शोधून राहिली आहे. शिकवाल काय?

नंदनवनहून :
पावसाळ्यात पाण्याच्या मोटरी येतात. पाठवा बहिणीला. पहिले आठ दिवस जुनी तार सोडवून वेढे कागदावर लिहायला लावीन, कंटाळली तरी. येताना हात पुसायला जुनं सुती लुगडं आणायला सांगा.