शेतवस्तीवरचा कॉम्प्युटर व्होल्टेजपासून कसा वाचवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वसमत तालुक्यात (जि. हिंगोली) आमची शेतवस्ती आहे. गावठाणाची लाइन इथपर्यंत येत नाही, त्यामुळे घरची लाइट शेतीच्या फीडरवरच. घरात एक डेस्कटॉप आहे. त्यावर मी लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो आणि धाकटी बहीण बीसीएचा अभ्यास करते. दोघांचंही त्याच्यावाचून अडतं.

हळदीला पाणी चालू असलं की थ्री फेज आल्याबरोबर डीपीवरच्या (आमच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी ऑटोस्विचमुळे एकदम उठतात. त्या वेळी बल्ब निखाऱ्यासारखा लाल होतो आणि मल्टिमीटर 150 व्होल्टच्या खाली जातो. मोटारी नीट फिरायला लागल्या की 170-175 वर टिकतं. पाळी संपून मोटारी बंद झाल्या की 255-260. हक्काचे 230 फार थोडा वेळ मिळतात.

एवढ्यावर कसंतरी भागत होतं. पण उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात डीपीवरचा न्यूट्रल सुटला. पंखा गरगरायला लागला, ट्यूबकडे बघवेना, आणि राउटरचा अडॅप्टर फट्‌दिशी फुटला. मेन स्विच पाडेपर्यंत कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) गेला, सोबत मदरबोर्डही. एमसीबी पडली नाही. स्पाइक गार्ड होता, तो आतून काळा पडलेला निघाला. शेजारच्या वस्तीवरचे टीव्ही आणि फ्रिजही गेले.

आता नवीन मशीन जोडलंय आणि ते गमवायची ताकद नाही. दुकानात एक जण म्हणतो फक्त यूपीएस घ्या, दुसरा म्हणतो स्टॅबिलायझर घ्या, तिसरा आणखी महागाचा स्पाइक गार्ड दाखवतो. घरात इन्व्हर्टर आहे, पण यूपीएस मोडवर ठेवला तर 170 ला लाइट धरतच नाही, रात्रभर बॅटरीवर चालतो आणि पहाटे बॅटरी बसते. नॉर्मल मोडवर ठेवला तर लाइट जाता-येता कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. आमच्यासारख्या लाइनवर राहणाऱ्यांनी काय बसवलंय? आधी काय, नंतर काय, ते सांगा.

प्रतिसाद (परभणीहून, वायरिंगची कामं करतो)

दादा, तुमच्याकडं तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दुकानदार प्रत्येकाला एकच औषध देतायत.

सगळ्यात घातक न्यूट्रलचं. तो सुटला की तीन फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज चढतं, अगदी 400 च्या जवळ जाऊ शकतं. एमसीबी फक्त करंट बघते, व्होल्टेज तिला कळत नाही, म्हणून ती पडली नाही. स्पाइक गार्डमधला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा छोटा भाग) विजेसारखा क्षणभराचा झटका खाण्यापुरता असतो. त्याच्यावर मिनिटभर 350 राहिले की तो स्वतःच जळतो. इथं ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ लागतो. मेन स्विचच्या पुढं, बोर्डातच बसतो. वरची हद्द 265-270 ला ठेवा, खालची कॉम्प्युटरपेक्षा फ्रिज-पंख्याकडं बघून ठरवा. लाइट परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा घ्या, म्हणजे मोटारी उठतानाचा हेलकावा घरात येणार नाही. आधी हे करा, बाकी सगळं नंतर.

दुसरं, रोजचं 170. नवीन एसएमपीएसवर 100-240 लिहिलेलं असेल तर तो 170 वर चालतो, फक्त करंट जास्त ओढतो आणि तापतो. 200-240 लिहिलं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. स्टॅबिलायझर वाइड रेंजचा घ्या, 140 पासून 280-290 पर्यंत झेलणारा, 1 केव्हीए. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटरला तेवढा पुष्कळ झाला. त्याच्या पुढं लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस, 600 व्हीएचा. क्रम हाच ठेवा. नुसता यूपीएस लावला तर कमी व्होल्टेजला तो सारखा बॅटरीवर जातो आणि त्याची ती 7 एएचची बॅटरी वर्षभरातच मरते. स्टॅबिलायझरचा रिले टॅप (व्होल्टेजची पायरी) बदलताना जी क्षणभराची फट पडते, ती यूपीएस भरून काढतो. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर राहू द्या, पंखे-दिव्यांसाठी. लाइट असताना साधा इन्व्हर्टर आलेलं व्होल्टेज आहे तसंच पुढं सोडतो, दुरुस्त करत नाही.

तिसरी वीज. आपल्याकडं वळवाच्या दिवसांत ती फार पडते. गडगडाट ऐकू आला की प्लग काढा, स्विच बंद करून भागत नाही. नेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर ठेवा.

एक विचारायचं राहिलं. तुमची अर्थिंग कुठं आहे? मल्टिमीटर आहे तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती दाखवतो ते सांगा. 2-3 च्या आत पाहिजे. जपून मोजा, पायात चप्पल असू द्या.

धागाकर्ता

खूप आभार भाऊ, इतकं उलगडून कुणीच सांगितलं नव्हतं. आत्ता मोजलं, मोटारी चालू असताना 18 दाखवतो. अर्थिंगचा खड्डा घरामागं आहे, काळ्या रानात. उन्हाळ्यात तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

प्रतिसाद

मग आधी तिथंच हात घाला. भेगा पडल्या की माती पट्टीला सोडते आणि अर्थिंग नावापुरती उरते. खड्डा उकरून मीठ-कोळसा नवीन भरा, तारेचा जोड घासून आवळा आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत त्यात पाणी टाकत राहा. त्यानंतरही 18 च राहिले तर न्यूट्रल कुठंतरी ढिला आहे. खांबावरचा जोड वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः चढू नका. आणि डीपीवरच्या शेतकऱ्यांना एकदा बसवून बोला: ऑटोस्विच काढून प्रत्येक मोटारीला कपॅसिटर लावला तर तुमचं 170 बरंच वर येईल, आणि त्यांच्याही मोटारी जळायच्या कमी होतील.

धागाकर्ता

रविवारी डीपीवरचे सगळे जण आमच्याच वस्तीवर येणार आहेत, तेव्हा कपॅसिटरचा विषय काढतो. तोवर एक सांगा: 5 एचपीच्या मोटारीला किती केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो?