पगार तिचा, एटीएम कार्ड कोणाच्या खिशात?

घरातल्या हिंसेवरच्या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की बाई कमावती झाली की नवऱ्याची मारहाण आपोआप थांबते. अर्धंच पटलं. पगाराचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, कार्ड त्याच्या पाकिटात, आणि सॅनिटरी पॅडसाठीसुद्धा हात पसरायचा, अशा बाईला कमावती म्हणायचं का? उलट नवरा बेकार आणि बायको नोकरीत असली की सुरुवातीला हिंसा वाढल्याचंही काही अभ्यासांत दिसलंय. 'घरात मोठा कोण' हे दाखवायला मग हातच उरतो.

माझ्या मते पगारापेक्षा छप्पर महत्त्वाचं. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल या संशोधकांचा केरळमधला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, अशा ४९ टक्के विवाहित स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हेच प्रमाण ७ टक्के. घर नावावर असलं की 'चालती हो' म्हणायची सोय राहत नाही, आणि निघायचंच ठरवलं तर जायला जागा असते. नुसत्या आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य, पण फरक फारच मोठा आहे.

मारहाणीचं खापर दारूवरही फोडलं जातं, त्याबद्दल थोडंच लिहितो. दारूने मारहाण वाढते, खरंय. पण तोच माणूस पिऊन साहेबावर हात उगारत नाही, घरी येईपर्यंत बरोबर शुद्धीत असतो!